अंगणात उतरलेली शाळा

सेन्सरी प्ले हा शब्द आता आमच्या डोंबिवलीतही चांगलाच रुळलाय. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जरा टेकलं की आया-आज्यांच्या गप्पांत तो हमखास ऐकू येतो. कुणी ऑनलाइन मागवलेल्या किटचं कौतुक करत असते, कुणी ठाण्याच्या मॉलमधल्या प्ले झोनचे दर सांगत असते. दीड-दोन वर्षांच्या बाळाने वस्तूंना हात लावावा, चाचपावं, हुंगावं, ओतावं, आपटून बघावं आणि त्यातून शिकावं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अर्थ साधा, पण किंमत ऐकली की डोळे पांढरे होतात! आणि पैशांपेक्षा मोठी अडचण जागेची. वन बीएचकेमध्ये मुलांचा कोपरा करायचा, तर बाकीच्यांनी पाय कुठे पसरायचे?

हा प्रश्न कानावर पडला की मला ताराबाई मोडक आठवतात. नाव बहुतेकींनी ऐकलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात कधीतरी चार ओळी वाचलेल्या असतात, पद्मभूषण मिळालेल्या शिक्षणतज्ज्ञ वगैरे. पण या बाईंनी नेमकं काय केलं, आणि त्याचा माझ्या-तुमच्या हॉलमधल्या सतरंजीशी काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही. संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. त्यांचं सगळ्यात मोठं काम झालं ते आपल्याच जिल्ह्यात. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात मोडतात, पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ती ठाणे जिल्ह्यातलीच गावं. ठाणं, कल्याण, डोंबिवली आणि कोसबाड, सगळ्यांचं कलेक्टर ऑफिस एकच! आपल्याकडून दिवा-वसई मार्गाने जाऊन पुढे डहाणू लोकल पकडली की त्या मुलखात पोचता येतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझी दुसरी नोकरी सुरू झाली, ती म्हणजे नात सांभाळायची. मुलगा आणि सून दोघंही सकाळी सव्वाआठच्या आत घराबाहेर. डोंबिवलीची सकाळची लोकल काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको. नात दीड वर्षाची झाली तेव्हा सूनबाईंच्या मनाने घेतलं, की आई, आपण हिच्यासाठी घरात काहीतरी नीट केलं पाहिजे. तिच्या बोलण्यात हौसेपेक्षा काळजी जास्त होती. आपण दिवसभर घरात नाही, आपलं मूल मागे तर पडणार नाही ना, ही ती काळजी. त्या निमित्ताने मी ताराबाईंचं चरित्र पुन्हा एकदा मन लावून वाचलं. आणि वाटलं, हे सगळ्याच सूनबाईंना सांगायला हवं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईचा. माहेर केळकरांचं. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई या विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या काळात हे केवढं धाडस! म्हणजे लोक काय म्हणतील या प्रश्नाला भीक न घालणाऱ्या घरातच या मुलीने डोळे उघडले. मुली चार यत्ता शिकल्या तरी खूप झालं असं मानलं जाई, त्या काळात १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे लग्न झालं. पती वकील, सासर अमरावतीचं. बाहेरून बघणाऱ्याला दृष्ट लागावी असा संसार. पण तो टिकला नाही. १९२१ साली ताराबाईंनी घटस्फोट घेतला. साल परत एकदा वाचा, मैत्रिणींनो, १९२१! आज शंभर वर्षांनंतरही हा शब्द उच्चारताना आपण आवाज खाली आणतो. पदरात लहान मुलगी, मागे कुणाचा भक्कम आधार नाही, आणि पोटापाण्याची सोय स्वतःच करायची. सूनबाईंना मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली. नोकरी करणारी आई मुलाला काय देणार, या प्रश्नाचं ओझं घेऊन रोज गाडीत चढणाऱ्या बाईला ताराबाईंची ही बाजू माहीत असायलाच हवी. लहान मुलांचं जग ज्यांनी आपल्याला उलगडून दाखवलं, त्या स्वतः एकटीने मूल वाढवणाऱ्या, कमावत्या आई होत्या.

त्यांना राजकोटच्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळालं. त्या खुर्चीत बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार चांगला, मान चांगला. एकट्या बाईला आणखी काय हवं? आपण असतो तर ती नोकरी घट्ट धरून बसलो असतो. ताराबाईंनी ती सोडली आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे कामाला गेल्या.

हे गिजुभाई कोण? मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसं शिकवावं या विचारात पडून हे गृहस्थ मुलांच्या शिक्षणाविषयी वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरी लागल्या आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांवर इतकी माया, की गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणून ओळखत. छडी नाही, धाक नाही, घोकंपट्टी नाही. मूल मोकळं, आणि त्याच्याभोवती हाताळायला भरपूर वस्तू.

इथे मॉन्टेसरीबाईंविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आजच्या सेन्सरी किटचं मूळ तिथे आहे. त्या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी मुलांसाठी घर उघडलं. लहान मूल आधी हाताने, कानाने, नाकाने, डोळ्याने शिकतं आणि मग डोक्याने, हे त्यांनी पाहिलं आणि त्याप्रमाणे साधनं तयार केली. एकावर एक रचायचे दहा गुलाबी ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा तर सगळ्यात छोटा एका सेंटिमीटरचा. वाजवून जोड्या लावायच्या डब्या. बोट फिरवून गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरं. रंगांच्या पट्ट्या. सगळं सुबक, मापात, आणि अर्थातच महाग.

ताराबाई हे शास्त्र भावनगरला शिकल्या आणि त्यात पुरत्या मुरल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका निघू लागली. आईबापांना आणि शिक्षकांना समजेल अशा भाषेत लिहायचं, असं ते काम. १९३६ साली ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. सुशिक्षित पालकांची मुलं तिथे येऊ लागली, बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई स्वतः भारतात आल्या. बालशिक्षणाला शहरात प्रतिष्ठा मिळाली होती आणि ताराबाईंचं नाव झालं होतं. वय पन्नाशीकडे झुकत होतं. आता बसून मार्गदर्शन करायचे दिवस, असंच कुणीही म्हटलं असतं.

पण त्यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देईना. हे शिक्षण ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत, खेळणी आहेत, दूध आहे त्यांनाच का? खेड्यातल्या, मजुराच्या घरच्या मुलाचे हात, डोळे, कान काय वेगळे असतात? गांधीजींच्या नई तालीमचा विचार तेव्हा देशात घुमत होता. खेड्यातल्या अगदी लहान मुलांसाठी परवडेल असं शिक्षण कसं असेल, याचं उत्तर कुणीतरी प्रत्यक्ष करून दाखवायला हवं होतं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. बालपणी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असा अनुताईंचा प्रवास. दोघींनी समाजाची आपापल्या परीने झळ सोसलेली. एक परित्यक्ता नव्हे तर स्वतः बाहेर पडलेली, दुसरी बालविधवा. या दोन बायकांनी मिळून महाराष्ट्रातल्या लहान मुलांचं नशीब बदलायला घेतलं!

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. आज आपण तिथे वीकेंडला जातो. तेव्हा तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये मुलांच्या अंगावर धड कपडे नव्हते, डोक्यात उवा, अंगावर खरूज. बालवाडी सुरू झाली खरी, पण मुलं यायची कुठून? आईबाप पहाटे कामावर, मोठं भावंड धाकट्याला कडेवर घेऊन फिरणार. शाळा हा शब्द ऐकला तरी मुलं पळणार. मग बाईंनी सुरुवात केली ती आंघोळीपासून. मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, नाक पुसायला शिकवायचं. पुस्तकातल्या बालशिक्षणात हा धडा असा पहिल्या पानावर नव्हता. पण स्पर्शाची भाषा आणखी कशाने सुरू होते, सांगा बरं? कोमट पाणी, साबणाचा फेस, पाठीवरून फिरणारा मायेचा हात. बाळाच्या आयुष्यातला पहिला सेन्सरी प्ले म्हणजे आंघोळच की!

दुसरा प्रश्न होता साधनांचा. ते सुबक ठोकळे आणि त्या मापातल्या डब्या खेड्यात कुठून आणायच्या? मग त्यांनी आजूबाजूला बघायला सुरुवात केली. समुद्रावर शिंपले होते, ओढ्यात गुळगुळीत खडे होते. झाडाखाली बिया, पानं, फुलं. कुंभाराकडे माती. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत, सगळं निसर्गाने आधीच मांडून ठेवलं होतं. पानं लहान-मोठी लावायची, बिया निवडून वेगळ्या करायच्या, मातीच्या वस्तू बनवायच्या. तत्त्व मॉन्टेसरीबाईंचं, आणि सामान बोर्डीचं. त्यातून तयार झाली ती आपली बालवाडी, कमी खर्चाची, जिथे जाल तिथे करता येईल अशी.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि मला वाटतं ताराबाईंचं खरं मोठेपण इथे दिसतं. त्या वेळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुलं गावातल्या बालवाडीत येईनात. बोलावलं तरी येईनात, न्यायला गेलं तरी येईनात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यांनी एका निमंत्रणावर आत यावं तरी कसं? तेव्हा ताराबाईंनी उलट केलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या दारात न्यायची. वस्तीतल्या कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत, शिक्षिका जाऊन बसू लागल्या. मुलं लांबून बघत, मग जवळ येत, मग हात लावत. आयासुद्धा काम करता करता बघत, की हे चाललंय तरी काय. अंगणातली ती बालवाडी म्हणजे अंगणवाडी.

हो, तीच अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींमध्ये, ठाण्याच्या वस्त्यांमध्ये दहा बाय दहाच्या खोल्यांतून त्या चालतात. आपण जाता-येता पाटी वाचतो आणि पुढे जातो. हा शब्द आपल्याच जिल्ह्यातल्या एका अंगणात जन्मला, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

१९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली आदिवासींचा हा मुलूख. इथे वेगळाच पेच होता. मुलं जरा मोठी झाली की गुरं राखायला जात. त्यांना शाळेत कोंबायचं तर घरची गुरं कोण बघणार? मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि मुलं शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. शिवाय पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडीची कल्पना राबवली. धाकटं भावंड शेजारीच सांभाळलं गेलं की मोठी बहीण शाळेत बसू शकते, इतकं साधं गणित. साधं, पण ते सुचायला ती बहीण डोळ्यांना दिसावी लागते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. देशभर अंगणवाड्या सुरू झालेल्या बघायला त्या उरल्या नाहीत, दोनच वर्षं कमी पडली. अनुताईंनी १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत कोसबाडचं काम ओढलं.

आता वळूया आपल्या वन बीएचकेकडे. हे सगळं वाचून झाल्यावर मी आणि सूनबाईंनी हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा मोकळा केला. जेमतेम चार फूट बाय चार फूट. टीपॉय भिंतीला सरकवला, त्याचे कोपरे जुन्या कापडाने गुंडाळले आणि खाली सतरंजी अंथरली. किट मागवलं नाही. खर्च झाला तो एका परातीचा, आणि ती तरी जुनी मोडीत जाणारच होती. तुम्हालाही करायचं असेल तर आम्ही काय केलं ते सांगते.

हातांसाठी एका टोपलीत कापडाचे मोठे तुकडे ठेवले. माझ्या आईच्या नऊवारीचं मऊ सूत, टर्किश टॉवेल, खादी, पैठणीसारखा काठ, गोणपाट. तळपायांसाठी काथ्याचं पायपुसणं आणि त्याच्या शेजारी गोधडी. अनवाणी मूल एकावरून दुसरीवर जातं आणि थबकतं, ते बघण्यासारखं असतं. गुलाबी ठोकळ्यांच्या जागी स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे. पूर्वी घराघरांत मडक्यांची उतरंड असायची ना, तशी उतरंड रचायची आणि धाडकन पाडायची. रचण्यापेक्षा पाडण्यात गंमत जास्त, पण तेही शिकणंच आहे. कानांसाठी घट्ट झाकणाच्या डब्या. दोन डब्यांत रवा, दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत राजमा. झाकणांवर भक्कम चिकटपट्टी. थोडं मोठं झालं की मूल आवाज ऐकून जोड्या लावतं. नाकासाठी कापलेलं लिंबू, कोथिंबिरीची जुडी, ओव्याची घट्ट शिवलेली पुरचुंडी, मोगऱ्याच्या दिवसांत मोगरा.

पाण्याचा खेळ मोरीत. परातीत बोटभर पाणी, एक वाटी, एक गाळणी, एक भांडं. आमच्याकडे पाण्याची किंमत काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून खेळून झालेलं पाणी कुंड्यांना. आणि पोळ्या करताना कणकेचा एक गोळा तिचा. तो मळायचा, चापटायचा, त्यात बोटं खुपसायची. गोळा खेळायचा, खायचा नाही, एवढं लक्ष ठेवायचं.

काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायच्या. तीन वर्षांखालचं मूल दिसेल ते तोंडात घालतं. त्यामुळे सुटे वाटाणे, चणे, शेंगदाणे, मणी, बटणं, नाणी त्याच्या हाती द्यायची नाहीत. घशात अडकायला क्षण पुरतो. बोर्डीच्या बिया आणि खडे मोठ्या मुलांसाठी. आपल्या दीड वर्षाच्या बाळाला द्यायचं ते मुठीपेक्षा मोठं. खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या, आणि पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी तर घरात नकोतच. ते पोटात गेले तर जिवावर बेततं. कापूर आणि डांबरगोळ्यांचा वास घ्यायला द्यायचा नाही, त्या विषारी असतात. आणि पाणी बोटभर असलं तरी मूल एकटं सोडायचं नाही. दाराची बेल वाजली तर मूल कडेवर घेऊन दार उघडायचं आणि खेळ झाला की परात आणि बादली लगेच पालथी.

एका वेळी तीन किंवा चारच वस्तू मांडते, बाकीच्या वर ठेवते आणि आठवड्याने बदलते. सगळं एकदम मांडलं की मूल भिरभिरतं, कशातच रमत नाही. खेळून झालं की एक ओलं फडकं तिच्या हातात, एक माझ्या. ती पुसते कमी आणि पसरवते जास्त. पण बोर्डीत मुलांना आधी स्वतःचं नाक पुसायला शिकवलं होतं, हे आठवून मी धीर धरते.

सगळ्यात अवघड काय असेल तर आपण गप्प बसणं. अगं तसं नाही, असं धर, ते तिथे ठेव, हे आपल्या जिभेवर सारखं येतं. ताराबाईंची आणि गिजुभाईंची शिकवण नेमकी याच्या उलट होती. मुलाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. आपण बाजूला बसून बघायचं. बघता बघता कळतं, की आपल्या मुलाला पाणी आवडतं की माती, त्याला आवाज सोसतो की नाही, ते एका गोष्टीत किती वेळ रमतं. कुठल्याही किटच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं. मोबाईलबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको आणि पुढेही चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आतच. परातीतल्या पाण्यापुढे मोबाईलची आठवण होत नाही, हा आमच्या घरचा अनुभव.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच मला सांगायचंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं दोन वर्षांचं मूल त्यांच्याबरोबर येतं. आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी, आईचं काम होईपर्यंत, हातात बिस्कीट घेऊन बसून राहायचं. नातीचा कोपरा झाल्यावर ते लांबून बघायला लागलं. ये रे, म्हटलं तरी येईना. आईच दटावायची, हात लावू नकोस म्हणून. तेव्हा मला बोर्डीची ती मुलं आठवली, बोलावूनही न येणारी. मी परात उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवली. दोघांच्या मधोमध. नात सतरंजीवरून उठून तिथे गेली आणि दोघांनी मिळून एकच वाटी ओढायला सुरुवात केली. भांडण झालं, रडारड झाली, लादी ओली झाली. दोन-चार दिवसांत ते मूल सतरंजीवर बसायला लागलं. आता उतरंड तो रचतो आणि पाडायचा मान नातीचा.

काही जणींना हे पटत नाही. स्वच्छता, सवयी, बोलणं, नाना कारणं असतात. मी वाद घालत नाही. हात धुवायचा साबण दोघांना एकच आहे, एवढंच सांगते.

ताराबाईंनी जिल्ह्याच्या त्या टोकाला जे केलं ते आपल्याला जमणार नाही. आपल्याला नोकऱ्या आहेत, लोकल आहे, गुडघे आहेत. पण चार फूट सतरंजी, एक परात आणि गप्प बसायची थोडी सवय, एवढं बहुतेकींना जमेल. आपल्या इमारतीखाली वॉचमनचं मूल असतं, इस्त्रीवाल्याची मुलगी असते, शेजारच्या चाळीत अंगणवाडी असते. तिथल्या ताई पंधरा-वीस मुलांना एका खोलीत सांभाळत असतात. घरातले जास्तीचे स्टीलचे डबे, स्वच्छ धुतलेली कापडं, न लागणाऱ्या पराती त्यांना विचारून नेऊन दिल्या तर त्या नाही म्हणणार नाहीत. या रविवारी माळा आवरायला काढाल तेव्हा एक पिशवी त्यासाठी बाजूला ठेवा. आणि देऊन झालं की दहा मिनिटं तिथे खाली बसा. मुलं काय करतात ते नुसतं बघा.